चूल, अंथरूण, माणूस

चटक्याला पहिला मार बसला तो भर कचेरीत, सकाळी सव्वाअकरा वाजता, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातचा. सुताराचा हात तो. साठी उलटली होती, पण रंधा मारून मारून मनगट लोखंडाचं झालेलं. एकाच ठोशात खालचे दोन दात जिभेवर आले आणि चटका मागच्या भिंतीवरच्या नकाशावर जाऊन आदळला. नकाशा त्याचाच होता. तीन महिने उन्हातान्हात पायपीट करून, घराघरात डोकावून, पिवळ्या-निळ्या पेन्सिली झिजवून त्याने तो काढला होता आणि लोकांनी बघावा म्हणून आजच भिंतीवर लागला होता. लोकांनी बघितला.

"माझ्या घरात बसून चहा प्यालास!" भाऊजींनी कॉलर धरून त्याला पुन्हा उभा केला. "बहिणीच्या हातचा! वर बिस्किटं मागून खाल्लीस. आणि तिचंच घर पुसलंस? त्या भंगारवाल्याने काय चारलं रे तुला?"

"भाऊजी, माझं ऐका तरी..."

ऐकायला भाऊजी आलेच नव्हते. दुसरा ठोसा पोटात बसला, तिसरा कानाखाली. चटक्याबरोबर जमिनीची मापं धरायला जाणारा म्हातारा साखळीवाला मध्ये पडला, तर त्याचा चष्मा गेला. शेवटी चार शिपायांनी मिळून भाऊजींना बाहेर ओढलं. जाता जाता त्यांनी दाराची चौकट अशी धरली की तिची एक बाजू उखडून हातात आली. "सरकारी सुतारकाम," असं म्हणून ते तिच्यावर थुंकले आणि गेले.

चटका हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे उरलं नव्हतं. तो नगररचना खात्यात मोजणीदार होता. शहराच्या कुठल्या तुकड्यावर आज काय आहे, ते प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि नकाशात रंगवायचं, हे त्याचं काम. लोक राहतात ती जागा पिवळी. शाळा, दवाखाना, बाग, न्हाणीघर, म्हणजे जे सगळ्यांचं ते निळं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पिवळ्याचं निळं झालं की तिथली घरं सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण ठरतात आणि पाडायला गाडी येते. निळ्याचं पिवळं झालं की तिथे जो बसला असेल तो घरमालक होतो.

म्हणून खात्याने नियम घालून दिला होता. चूल, अंथरूण, माणूस. तिन्ही एका वेळी दिसली तर ते घर, नाहीतर नाही. पूर्वी लबाड लोक रिकाम्या गोदामात थंड चूल मांडून घर म्हणून मिरवायचे, तेव्हा नियमात आणखी एक शब्द आला: चूल गरम हवी. बाकीचे मोजणीदार दारातूनच "गरम आहे ना?" असं विचारून पुढे सरकत. हा गृहस्थ मात्र प्रत्येक घरात शिरायचा आणि उजव्या हाताची मागची बाजू शेगडीला टेकवून बघायचा. तीस वर्षांत त्या हातावर केस उगवला नव्हता. लोक हसायचे, चटका आला म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट अभिमानच होता. 'दिसेल ते लिहा' हे खात्याचं वचन त्याने नाकासमोर टांगून ठेवलं होतं, आणि नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं होतं तेच त्याचं झालं.

दात रुमालात बांधून तो नकाशासमोर उभा राहिला. ताईची गल्ली त्याने बोटाने शोधली. गल्लीच्या एका अंगाला अकरा घरांची ओळ, शेवटचं घर ताईचं. दुसऱ्या अंगाला जुनं सार्वजनिक न्हाणीघर आणि त्याचं मोकळं आवार. दोन्ही पट्टे लांबीला सारखे, रुंदीला सारखे. कागदावर जुळे भाऊच. नकाशात घरांची ओळ निळी होती आणि न्हाणीघराचं आवार पिवळं होतं.

आणि मग त्याला आठवलं. त्या दिवशी गल्लीचं वरचं तोंड गटारासाठी खणलेलं होतं, म्हणून तो खालच्या तोंडाने आत शिरला होता. अशा वेळी हातातला कागद फिरवून घ्यायचा असतो. नव्याने लागलेला उमेदवारसुद्धा फिरवतो. चटक्याने फिरवला नव्हता, कारण ताई दारात उभी राहून "आलास का रे?" म्हणून हाका मारत होती आणि त्याला चहाची घाई झाली होती. डावीकडचं सगळं उजवीकडे पडलं आणि उजवीकडचं डावीकडे. तीस वर्षांत एकदाच चुकला, आणि चुकला तो आपल्याच बहिणीच्या दारात.

"मूर्खा," तो स्वतःलाच म्हणाला. ओठातून रक्त गळत होतं, ते त्याने बाहीने पुसलं आणि साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं. "नकाशा उद्या बारा वाजता छपाईला जातो. त्याआधी फेरपाहणी करा. सकाळी दहाची वेळ टाकतो, गल्लीत तशी नोटीस लागेल. पण नियम तोच, बरं का. उद्या जे दिसेल ते लिहायचं. माझी चूक झाली होती म्हणून लिहितो, हे चालणार नाही."

"पोलीस मिळतील का, साहेब? त्या आवारात भंगारवाला बसलाय. आयत्या बिळावर नागोबा. आवार पिवळं झालेलं त्याने बघितलं असणार."

"बंदोबस्ताचा अर्ज तीन दिवस आधी द्यावा लागतो," साहेब म्हणाले, आणि उंटावरून शेळ्या हाकायचं आपलं काम त्यांनी संपवलं.

संध्याकाळी चटका ताईकडे गेला. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला अंघोळी घातल्या, धपाटे घातले आणि शाळेत घातलं. तिने त्याला दिव्याखाली बसवलं.

"तोंड उघड."

त्याने उघडलं. तिने आत बघितलं, मिठाचं पाणी आणून दिलं आणि चूळ भरायला लावली. मग त्याने कागद उलटा कसा धरला ते सांगितलं.

"लहानपणीपण तुला डावं-उजवं कळायचं नाही," ती म्हणाली. "चपला उलट्या घालायचास. मीच बदलून द्यायचे."

भाऊजी कोपऱ्यात वाकसाला धार लावत बसले होते. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कुऱ्हाडीचा धाकटा भाऊ. ओळीतल्या अकराच्या अकरा घरांची दारं त्यांनी याच वाकसाने घडवली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"दुखतंय का?"

"हो."

"बरं झालं." धार लावणं चालू राहिलं. "उद्या काय काय दिसायला लागतं तुम्हाला?"

"चूल, अंथरूण, माणूस."

"तिन्ही दिसतील. दार मी सांभाळतो. तू दहाला ये."

तिथून निघताना समोरच्या आवारात चटक्याने बघितलं, तर भंगाराच्या ढिगांमधून पत्रे ओढून काढायचं काम जोरात चाललं होतं. तो फाटकापाशी थांबला. पण पत्रे ओढणं म्हणजे काही गुन्हा नव्हे, आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच साखळीवाला त्याच्या दारात हजर झाला. नवा चष्मा मिळाला नव्हता, म्हणून डोळे बारीक करून बघत होता. खांद्यावर मोजणीची जुनी लोखंडी साखळी होती. टेप आल्यापासून पंधरा वर्षं ती पेटीत पडून होती.

"ही कशाला?" चटक्याने विचारलं.

"टेपने माप चांगलं येतं," म्हातारा म्हणाला, "पण मार चांगला बसत नाही. चला, लवकर जाऊ या."

"आदेशात दहा लिहिलंय."

"अहो, आदेशाला आग लावा! मला त्या गल्लीचं लक्षण ठीक दिसत नाही."

"वेळेआधी केलेली फेरपाहणी रद्द होते. दहा म्हणजे दहा." आणि चटक्याने पेन्सिलींना टोक काढायला घेतलं. एक पिवळी, एक निळी. पुढे जन्मभर त्याला त्या पेन्सिलीच्या सालपटांची आठवण झाली की जेवण जात नसे.

गल्लीच्या तोंडाशी ते दहाला दोन मिनिटं कमी असताना पोचले. आवाज दोन रस्ते आधीपासूनच येत होता.

भंगारवाल्याने नियम पाठ केला होता. त्याची वीस-पंचवीस माणसं साडेनऊलाच ओळीत घुसली होती, आणि माणसं मारायला नव्हे, तर चुली मारायला. एकेकाच्या हातात घण नाहीतर लोखंडी अँगल. घरात शिरायचं, शेगडी फोडायची, अंथरुणं ओढून गटारात फेकायची, माणसांना बाहेर काढायचं. पहिल्या घरात एकजण शेगडीवर घण घालत होता आणि घरातली बाई त्याच्या कानशिलावर तवा हाणत होती. त्याने तवा हिसकला आणि तोच तिच्या तोंडावर मारला. तिसऱ्या घरातला शिंपी उंबऱ्यात पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर उभं राहून दोघं गादी बाहेर ओढत होते. पाचव्या घरातून उकळत्या पाण्याचं पातेलं बाहेर आलं. ज्याच्या अंगावर पडलं तो कपडे फाडत, किंचाळत गटारात लोळला. सातव्यात हाडाचा काडकन आवाज झाला, तो चटक्याला रस्त्यावर ऐकू आला. कोणाचं हाड ते दिसलं नाही.

अकराव्या दारात भाऊजी होते. उभे नव्हते, दाराला पाठ लावून बसले होते. वाकस मांडीवर होता आणि त्याच्या पात्याला रक्त आणि केस चिकटले होते. समोर दोघे जण पडले होते. एकजण आपली दोन बोटं मातीत शोधत होता. भाऊजींच्या डोक्याला मागून अँगल बसला होता. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होतं, पण शुद्ध होती.

चटका धावत गेला. "भाऊजी!"

भाऊजींनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. "दहा वाजले वाटतं," ते म्हणाले.

"चला, दवाखान्यात..."

"दवाखाना तू कुठे काढलायस नकाशात, देव जाणे." ते हसायला गेले तेव्हा ओठावर लाल फेस आला. "आधी समोरचं लिही. माझं दार कुठे पळत नाही."

ताईने आतून येऊन त्यांना काखेत धरून घरात ओढलं. ती रडत नव्हती. तिच्या डाव्या डोळ्याच्या जागी नुसती सूज होती.

"या, या, मोजणीदारसाहेब!" रस्त्याच्या पलीकडून हाक आली. भंगारवाला न्हाणीघराच्या फाटकात उभा होता. पांढरे स्वच्छ कपडे, हातात पाण्याची बाटली. "दहा म्हणजे दहा. खात्यात अशी माणसं हवीत. इकडे सुरुवात करता का? इकडे चुली गरम आहेत. तिकडे आज कोणी पेटवलेली दिसत नाही बुवा."

चटक्याच्या हाताची मूठ वळली. साखळीवाल्याने त्याचा दंड धरला. "आधी काम," तो पुटपुटला. चटका आत गेला.

आवारात पत्र्याचे अकरा आडोसे उभे होते. प्रत्येकात एक शेगडी पेटलेली, एक अंथरूण पसरलेलं, त्यावर एक दांडगा माणूस बसलेला. बळी तो कान पिळी म्हणतात ते खोटं नाही, पण या बळीने कान पिळताना नियमाचं बोटसुद्धा सोडलं नव्हतं. चटक्याने पहिल्या शेगडीला हाताची मागची बाजू टेकवली. गरम. अंथरूण होतं, माणूस होता. दुसरीला टेकवली. गरम. तिसरी तर लालच झाली होती. कातडीवर फोड आला, पण त्याने हात जास्तच वेळ ठेवला. पिवळी पेन्सिल बोटात होती. दिसेल ते लिहा. दिसत होतं ते असं दिसत होतं, आणि तीस वर्षांत त्याने दुसरं काही लिहिलं नव्हतं.

चौथ्या आडोशात गोधडी पसरली होती. जुन्या कपड्यांची, हातशिलाईची, एका कडेने गटाराच्या पाण्यात भिजलेली. मधोमध निळ्या चौकड्यांचा एक तुकडा होता आणि त्यावर शाईचा डाग होता. तो डाग चटक्याने चौथीत असताना पाडला होता. ताईने आधी धपाटा घातला होता आणि मग, सदरा फाटल्यावर, तो तुकडा गोधडीला लावला होता. ही गोधडी ती रोज सकाळी दाराबाहेरच्या दोरीवर वाळत घालायची.

"अंथरूण कोणाचं?" त्याने विचारलं.

"माझंच की," गोधडीवरचा माणूस म्हणाला. "आजीने शिवलंय."

"ऊठ."

"का म्हणून?"

"ऊठ म्हणतो ना!" चटक्याने गोधडीचं टोक धरून ती अशी खेचली की तो माणूस मागच्या मागे पत्र्यावर आदळला. आदळला आणि उठला तो सुरा घेऊनच. चटक्याने उजवा हात आडवा केला. सुरा मनगटापासून अंगठ्यापर्यंत कातडी उघडत गेला आणि पेन्सिल खाली पडली.

आता या माणसाने जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. लोकांच्या भांडणात मध्ये उभं राहून फक्त बघायचं, हाच त्याचा धंदा. पण डाव्या हातात मोजणीचा लाल-पांढरा दांडा होता, जमिनीत रोवायचा, खाली लोखंडी टोक असलेला. तो त्याने त्या माणसाच्या मांडीत रोवला. जमिनीत रोवतो तसाच, अंगाचा भार टाकून. मग उपसला आणि तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज ओळखीचा वाटला. पुन्हा हाणला. तो माणूस पडल्यावरही चटका थांबला नाही. "आजीने शिवलंय!" तो ओरडत होता. "आजीने शिवलंय काय रे!"

त्या ओरडण्याने गल्ली उसळली. इतका वेळ मार खाणारी अकरा घरं रस्ता ओलांडून आवारात घुसली आणि भंगारवाल्याच्याच ढिगातून हाताला येईल ते उचलू लागली. पाइप, सायकलची चाकं, पंख्याची पाती, मोडक्या खाटेचे पाय. पाठीवर बुटांचे ठसे घेऊन शिंपी उठला आणि त्याने एकाच्या डोक्यावर शिलाईमशीनचं चाक घातलं. तवा खाल्लेली बाई नाकातून रक्त गळत असताना एकाच्या हाताला चावली ती सोडेचना; त्याने तिला तीनदा जमिनीवर आपटलं तेव्हा कुठे सुटली, आणि तिच्या तोंडात काहीतरी राहिलं. पत्रे कोसळले. शेगड्या उलटल्या. एकाच्या पायजम्याला आग लागली आणि तो तसाच फाटकाबाहेर पळाला. तो पळाल्यावर बाकीचेही निघाले. ती एका दिवसाच्या बोलीवर आणलेली माणसं होती. मरायचं बोलीत नव्हतं.

भंगारवाला मात्र पळाला नाही. पाण्याची बाटली टाकून तो चटक्याच्या मागून अँगल घेऊन आला. साखळीवाल्याला चष्म्याशिवाय धड दिसत नव्हतं, पण पांढरं दिसत होतं. त्याने साखळी डोक्यावर एकदा गरगरा फिरवली आणि पांढऱ्याच्या खालच्या टोकाला सोडली. ती दोन्ही नडग्यांना वेढा घालून बसली आणि म्हाताऱ्याने ओढली. भंगारवाला आपल्याच लोखंडावर तोंडघशी पडला. त्याचा गुडघा उलट्या बाजूला वळला होता. तो आईच्या नावाने ओरडू लागला, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

चटक्याने डाव्या हाताने गोधडी उचलून खांद्यावर टाकली, पडलेली पिवळी पेन्सिल शोधून खिशात घातली, निळी काढली आणि आवाराकडे नीट बघितलं. चार शेगड्या अजून पेटत होत्या. अंथरुणंही होती. पण त्यांच्यावर बसायला एकही माणूस उरला नव्हता. "चूल आहे, अंथरूण आहे, माणूस नाही," तो मोठ्याने म्हणाला आणि डाव्या हाताने, वेडावाकडा, आवाराचा तुकडा निळा केला. पावणेअकरा झाले होते.

रस्ता ओलांडून तो ओळीच्या पहिल्या घरात गेला. शेगडीचे तुकडे झाले होते. बाई भिंतीला टेकून रक्त थुंकत होती.

"चूल पेटवा," चटका म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. "काय?"

"चूल पेटवा. हाताला चटका बसल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

"अरे मेल्या, माझं नाक फुटलंय! माझा पोरगा तिकडे..."

"बारा वाजता नकाशा छपाईला जातो. त्यात हे निळं राहिलं तर उद्या गाडी येईल. पेटवा!" त्याच्या आवाजात रडणं होतं, ते त्यालाच ऐकू आलं. "मी चुकलो होतो. मला शिव्या घाला, पण आधी चूल पेटवा."

तिने शिव्या घातल्या. पण तीन विटाही मांडल्या. जाळायला काय? दार मोडून पडलं होतं, भाऊजींनी बनवलेलं. त्याच्याच फळ्या तिने विटांखाली कोंबल्या. चटक्याने फोड आलेला हात जाळाशी नेला, गटारातून परत आणलेलं अंथरूण बघितलं, तिला बघितलं आणि घर पिवळं केलं. साखळीवाला डोळे बारीक करून साक्षीदाराच्या रकान्यात सही करत होता.

दुसरं घर. तिसरं. हात मोडलेल्या माणसाने एका हाताने काडी ओढली. कोणी विटांवर रिकामंच भांडं ठेवलं. कोणी चटक्याच्या तोंडावर थुंकला आणि मग पेटवली. ओळीतून धूर निघू लागला. दहा घरं पिवळी झाली तेव्हा साडेअकरा झाले होते.

अकराव्याचं दार शाबूत होतं. ते एकच शाबूत होतं. चटक्याने ते ढकललं.

ताई जमिनीवर बसली होती आणि भाऊजींचं डोकं तिच्या मांडीवर होतं. शेगडी कोपऱ्यात अखंड होती आणि थंड होती. चटक्याने भाऊजींच्या छातीकडे बघितलं. मग उघड्या डोळ्यांकडे बघितलं. माणसांकडे बघायची त्याला तीस वर्षांची सवय होती. दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तो दारातच खाली बसला.

"ताई."

"दहा घरं झाली?" तिने विचारलं.

"झाली."

"मग इथे का बसलास?"

"ताई, राहू दे. मी लिहितो असंच."

"असंच?" तिने मान वर केली. एकच डोळा उघडत होता, पण तोही पुरेसा होता. "त्यांनी हे दार तुझ्यासाठी धरून ठेवलं. असंच लिहायचं होतं, तर काल का नाही लिहिलंस? नऊ वाजता का नाही आलास?"

तो ढसाढसा रडू लागला. ताईने त्याच्या खांद्यावरची गोधडी ओढून घेतली, घडी केली आणि भाऊजींच्या डोक्याखाली सरकवली. हळूच, झोपलेला माणूस जागा होऊ नये म्हणून. मग उठली. शेगडी पेटवली. भांड्यात पाणी घेतलं, वर ठेवलं. साखर घातली. पत्ती घातली. बाहेर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला. वरातीमागून घोडं आलं होतं.

पाणी उकळलं तेव्हा तिने चटक्याचा चिरलेला हात धरला आणि शेगडीच्या कडेला टेकवला. त्याने ओढून घेतला नाही.

"बसला चटका?"

"बसला."

"अंथरूण?"

"आहे."

"मग लिही."

त्याने डाव्या हाताने अकरावं घर पिवळं केलं. शेजारी एक छोटा रकाना होता, राहणाऱ्यांच्या संख्येचा. आधीच्या पाहणीत तिथे दोन लिहिलं होतं. पेन्सिल त्या रकान्यावर येऊन थांबली. दिसेल ते लिहा. तीस वर्षं.

"दोन लिही," ताई म्हणाली. तिने तीन कप काढले होते आणि चहा ओतत होती.

चटक्याने साखळीवाल्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने डोळे बारीक केले, खोलीभर नजर फिरवली, गोधडीवर डोकं ठेवून पडलेल्या सुताराकडे पुष्कळ वेळ बघितलं.

"चष्मा नाही माझ्याकडे," तो म्हणाला. "पण मलाही दोनच दिसतात."

चटक्याने दोन लिहिलं. म्हाताऱ्याने सही केली. ताईने पहिला कप भाऊजींच्या उशाशी ठेवला आणि दुसरा भावाच्या हातात दिला.